थकलेले गुडघे आणि उंच गाडी

बुलढाणा जिल्ह्यात घरात गाडी घ्यायची बोलणी निघाली की पहिला विचार रस्त्याचा होतो. जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके वर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर खाली. मधे राजूरचा घाट, बोथ्याचा घाट, आणि पावसाळ्यात दोन्हीकडे गावाजवळचा शेवटचा तुकडा चिखलाचा. त्यामुळे ‘गाडी उंच पाहिजे’ हे वाक्य इथे वादापलीकडचं मानलं जातं. त्यानंतर मायलेज, आणि मग विकताना किती येतील हा हिशेब. घरातल्या सत्तरी-पंच्याहत्तरीच्या माणसाला त्या गाडीत चढता येईल का, त्याचा वॉकर कुठे राहील, हा प्रश्न मात्र गाडीला हार-नारळ होऊन गेल्यावर, पहिल्यांदा दवाखान्यात निघताना समोर येतो. तोवर उशीर झालेला असतो, कारण दाराची रुंदी आणि गाडीच्या तळाची उंची नंतर बदलत नाही. ज्या घरात काठी, वॉकर किंवा व्हीलचेअर आहे, किंवा दोन-चार वर्षांत येईल अशी चिन्हं दिसताहेत, त्या घराने निवडीचा क्रम उलटा केला पाहिजे: आधी माणूस, मग त्याचं साधन, मग रस्ता, आणि बाकी सगळं त्यानंतर. हे केवळ मायेपोटी म्हणायचं नाही. मोजमापंही तेच सांगतात.

म्हाताऱ्या माणसासाठी गाडीच कशाला, एस.टी. आहे की, असं कुणी म्हणेल. ते म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या नागरिकांना महाराष्ट्राच्या एस.टी.त मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट आहे, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच स्त्रियांना निम्मं तिकीट आहे. या सवलतींनी खेड्यातली कितीतरी म्हातारी माणसं पुन्हा घराबाहेर पडू लागली. पण तिकीट फुकट झालं तरी बसची पायरी खाली येत नाही. काठीवर चालणारा माणूस दोघांच्या आधाराने कसाबसा वर चढेल. वॉकरवाल्याचं कठीण, आणि व्हीलचेअरवाल्याला तर उचलूनच न्यावं लागतं. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात धावते आणि तिने असंख्य जीव वाचवले, पण ती आणीबाणीसाठी आहे. डोळ्यांची तपासणी, फिजिओथेरपी, आठवड्यातून ठरलेलं डायलिसिस, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या फेऱ्या, ही कामं १०८ ची नव्हेत. शेगाव, नांदुरा, मलकापूर रेल्वेमार्गावर आहेत खरे, पण घाटावरच्या माणसाला स्टेशन गाठायलाच गाडी लागते. बुलढाण्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं असलं तरी मोठ्या उपचारासाठी अकोला, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगरकडे निघण्याची रीत अजून मोडलेली नाही, आणि त्या प्रत्येक वाटेवर जायला-यायला काही तास मोडतात. इतका वेळ माणसाला गाडीत बसायचं आहे आणि त्याआधी-नंतर चढायचं-उतरायचं आहे. दवाखान्याची फेरी टाळली जाते ती पुष्कळदा आजाराच्या भीतीने नव्हे, तर या चढण्या-उतरण्याच्या धास्तीने.

आता त्या चढण्या-उतरण्याकडे नीट पाहू. बसलेल्या अवस्थेतून उठून उभं राहणं ही गोष्ट तरुणपणी आपल्या ध्यानातही येत नाही, पण शरीरासाठी ते मोठं काम आहे. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या सांध्यांवर त्या क्षणी किती भार येतो याचा धांडोळा नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००२ मध्ये घेतला होता. आधी झालेल्या अनेक अभ्यासांतून त्यांना दिसलं की बैठक उंच केली तर गुडघ्यावरचा भार ६० टक्क्यांपर्यंत आणि खुब्याच्या सांध्यावरचा ५० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. हाताला टेकू मिळाला तरी खुब्याच्या सांध्याला तेवढाच आराम मिळतो. म्हणजे ठेंगण्या गाडीत खोल बसलेल्या माणसाला बाहेर काढताना आपण जे ओढतो, त्यातले बरेच कष्ट त्या माणसाच्या अशक्तपणाचे नसून गाडीच्या सीटचे असतात. खुब्याचा सांधा बदललेल्यांना डॉक्टर सुरुवातीचे काही आठवडे सांगतात की मांडी आणि धड यांच्यातला कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नका, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर जाता कामा नयेत. जमिनीला टेकलेल्या छोट्या गाडीत बसलं की नेमकं तेच होतं. म्हणून फार खालची गाडी वाईट, यात शंका नाही.

पण त्याच्या उलट टोकाला गेलं तरी तितकंच चुकतं, आणि आपल्याकडे चूक होते ती बहुधा या टोकाला. पाच फुटांच्या आतबाहेर उंची असलेली म्हातारी बाई बोलेरोसारख्या गाडीच्या दाराशी उभी राहते तेव्हा सीट तिच्या कमरेच्या आसपास येते. तिला आधी एक पाय पायदानावर ठेवायचा, त्या एका पायावर सगळं वजन पेलत वर जायचं, मग मान वाकवून आत शिरायचं. संधिवाताच्या गुडघ्याला एका पायावर वजन घेऊन वर चढणं हे सगळ्यांत जास्त नकोसं असतं. त्यात लुगडं किंवा साडी असली तर पाय किती फाकेल आणि किती उचलला जाईल यालाच मर्यादा पडते. निऱ्या पायदानात अडकल्या की तोल गेलाच. उतरताना तर जमीन दिसत नाही, पाय चाचपडत खाली सोडावा लागतो. योग्य उंची या दोन टोकांच्या मधे आहे. दाराशी पाठ करून उभं राहिल्यावर सीटची कड मांडीच्या मध्याशी यावी. खाली बसायला किंवा वर चढायला न लागता नुसतं मागे टेकता यावं आणि बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर सपाट राहावेत. आपल्याकडच्या बहुतेक वृद्धांसाठी ही उंची ढोबळपणे जमिनीपासून ५० ते ६० सेंटीमीटर भरते. घरातली टेप घेऊन गेलं तर शोरूममध्ये एका मिनिटात कळतं. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात मात्र हा आकडा सापडत नाही. गाडीची लांबी, रुंदी, उंची, टाकीचं माप सगळं त्यात असतं. माणूस जिथे बसणार त्या जागेची जमिनीपासूनची उंची छापायची पद्धत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप रस्त्याचा: मांडीच्या मध्याशी येणारी गाडी आमच्या रस्त्यावर खाली घासेल. इथे आकडे पाहणं आवश्यक आहे, कारण दोन वेगळ्या उंच्यांची गल्लत होते. जमीन आणि गाडीचं पोट यांच्यातलं अंतर म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. बोलेरोचा तो १८० मिलिमीटर आहे, वॅगनआरचा १६५. फरक दीड सेंटीमीटर. टाटा पंचचा तर १८७ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बोलेरोपेक्षा थोडा जास्तच. मग बोलेरोत चढणं इतकं अवघड का? कारण तिची बॉडी जाड लोखंडी चासीवर बसवलेली असते, त्यामुळे आतला तळ आणि त्यावरची सीट दोन्ही वर जातात. वॅगनआर किंवा पंचमध्ये वेगळी चासी नाही, तळ आणि बॉडी एकच. म्हणून पोट जवळपास तेवढंच उंच ठेवूनही सीट खाली आणता येते. तेव्हा ‘उंच गाडी’ म्हणून आपण जी मागतो ती रस्त्यासाठी जेमतेम बोटभर उंच असते आणि आईच्या गुडघ्यासाठी वीतभर. चासीवाल्या गाडीचे गुण नाकारायचे नाहीत. शेतातल्या पांदणीतून रोज खताची पोती न्यायची असतील, मागच्या चाकांचा जोर आणि दणकट पाटे हवे असतील, तर बोलेरो आपल्या जागी योग्यच आहे. पण दवाखान्याचा रस्ता पांदणीतून क्वचितच जातो. गावापासून डांबरीपर्यंतचा एक-दोन किलोमीटरचा तुकडा सांभाळून चालवला की पुढे खामगाव-अकोला असो की मेहकरजवळून जाणारा समृद्धी महामार्ग असो, तिथे चासीचा काही उपयोग नाही. वर्षातले चिखलाचे मोजके दिवस पाहून गाडी घ्यायची आणि उरलेलं वर्षभर म्हाताऱ्या माणसाला चढ-उताराची शिक्षा करायची, हा हिशेब मला पटत नाही.

सीटनंतर दार. पुढच्या डाव्या बाजूचं दार म्हाताऱ्या माणसासाठी सर्वांत सोयीचं असतं, कारण तिथली सीट मागे सरकते, पाठ कलती करता येते, आणि समोर पाय वळवायला जागा मिळते. मागच्या दाराचा खालचा भाग चाकाच्या कमानीने कापलेला असतो आणि आत पुढच्या सीटची पाठ गुडघ्याला अडते. तरीही आपल्या घरांत पुढची जागा पुरुषाची आणि मागची बायकांची ही वाटणी इतकी मुरलेली आहे की गुडघे दुखणारी आई निमूटपणे मागे जाते आणि धडधाकट मुलगा पुढे बसतो. ही सवय मोडायला एक पैसा लागत नाही. दार किती उघडतं तेही पाहावं. काही गाड्यांची दारं साठ-सत्तर अंशांवर थांबतात. पंच आणि अल्ट्रोझ यांची दारं ९० अंशांत उघडतात, आणि वॉकर थेट सीटच्या कडेपर्यंत आणायचा असेल तर हा फरक फार मोठा ठरतो. इकोला मागे सरकतं दार आहे, अरुंद बोळात ते उपयोगी, पण तिथे पायरी उंच आहे आणि चढून पुन्हा वाकावं लागतं. दाराचा उंबराही पाहावा. काही गाड्यांत तो तळापेक्षा बराच वर येतो आणि उचलता न येणारा पाय त्यात अडतो. आत शिरण्याची रीत मात्र कोणत्याही गाडीत एकच: पाय आधी टाकायचा नाही. पाठ करून उभं राहायचं, सीटचा स्पर्श मांडीला झाला की बसायचं, डोकं आत घ्यायचं, आणि मग दोन्ही पाय एकत्र किंवा एकामागून एक आत वळवायचे. सीटवर गुळगुळीत कापड किंवा प्लॅस्टिकची पिशवी अंथरली तर शरीर सहज फिरतं; बसून झाल्यावर ती काढून घ्यायची, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पुढे घसरतो.

अर्धांगवायू झालेल्या माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते जी गाडी घेताना क्वचितच कुणाच्या ध्यानात येते: कोणती बाजू लुळी आहे. व्हीलचेअरवरून गाडीत जाताना सशक्त बाजू गाडीकडे असली तर माणूस स्वतःचा भार स्वतः पेलू शकतो. गाडीच्या डाव्या दाराशी खुर्ची पुढे तोंड करून लावली तर गाडी त्याच्या उजव्या हाताला येते. म्हणजे डावी बाजू गेलेल्याला डावं दार सोपं. उजवी बाजू गेली असेल तर चढताना मागचं उजवं दार बरं पडतं, पण ते दार आपल्याकडे रहदारीकडे उघडतं, म्हणून गाडी अंगणात किंवा दवाखान्याच्या आवारातच लावायला हवी. आणि चढताना जे सोपं, तेच उतरताना अवघड होतं, कारण खुर्चीकडे परतताना बाजू उलटी होते. त्यामुळे गाडी पाहताना नुसतं बसवून समाधान मानू नये. उतरवूनही पाहावं, आणि जमल्यास फिजिओथेरपिस्टला एकदा विचारावं. हे शोरूममधला माणूस सांगू शकणार नाही, आणि ती त्याची चूकही नाही.

साधनाची जागा हा पुढचा मुद्दा. वॉकर घडी होतो, वजन दोन-तीन किलो, तो मागच्या सीटसमोर उभा सरकवता येतो. त्याची चिंता नाही. साधी लोखंडी घडीची व्हीलचेअर मात्र १५ ते २० किलोची असते. तिची मोठी चाकं २४ इंची, म्हणजे ६१ सेंटीमीटर व्यासाची. घडी केल्यावर जाडी फूटभर, लांबी मीटरभर आणि उंची त्याहून थोडी कमी. डिकीचं माप कंपन्या लिटरमध्ये देतात. अल्टो के-१० ची २१४ लिटर, वॅगनआरची ३४१, पंचची ३६६. सात आसनी एर्टिगाची शेवटची रांग उभी असेल तर अवघी २०९. पण खुर्ची म्हणजे पाणी नव्हे, ती डिकीचा आकार घेत नाही. ३५० लिटरची डिकी खोल आणि अरुंद असेल तर खुर्ची तिरपी अडून बसते. झाकणाचं तोंड रुंद असेल तर कमी लिटरमध्येही आत जाते. पुष्कळदा मागच्या सीटचा काही भाग पाडावाच लागतो, आणि मग पाच जणांची गाडी तीन-चार जणांची होते. हे आधीच धरून चालावं. सी.एन.जी.ची गाडी घेणाऱ्यांनी तर फारच जपून. वॅगनआरच्या सी.एन.जी. प्रकारात ६० लिटर पाण्याच्या मापाचं सिलिंडर डिकीत असतं, आणि मग खुर्चीला जागाच उरत नाही. टाटाने २०२३ पासून एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर तळाशी बसवायला सुरुवात केली. त्या पंचमध्ये २१० लिटर जागा राहते, तीत वॉकर आणि पिशव्या मावतात, पूर्ण मापाची खुर्ची नाही. इंधनात वाचणारे पैसे आणि प्रत्येक फेरीला टपावर बांधायची खुर्ची, यातलं काय जड ते घराने ठरवावं.

टपाचा पर्याय सुचवणाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा: ती खुर्ची उचलणार कोण? मुलगा पुण्याला किंवा नाशिकला, घरी दोन म्हातारी माणसं आणि लागेल तेव्हा बोलावलेला ड्रायव्हर, हे चित्र आज बुलढाण्याच्या कितीतरी घरांत आहे. अशा घरात १८ किलोची खुर्ची उचलायची पाळी ६५ वर्षांच्या बायकोवर येते. तिची कंबर गेली की घरात एकाऐवजी दोन रुग्ण. म्हणून डिकीचा काठ जमिनीपासून किती उंच आहे हेही सीटइतकंच बघावं. काठ जितका खाली तितकं बरं, आणि उचलून पुन्हा आत खोल उतरवावं लागत नसेल तर उत्तम. त्याहून शहाणपणाचं म्हणजे गाडी आणि खुर्ची यांचा विचार एकत्र करणं. ॲल्युमिनियमची हलकी खुर्ची १२-१३ किलोपर्यंत मिळते; काहींची चाकं एका कळीवर निघतात, मग ती लहान डिकीतही जाते. गाडीवर आठ-नऊ लाख घालणारं घर खुर्ची मात्र सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जड घेतं, हे मला न उमगणारं आहे. ज्यांची ऐपत नाही त्यांच्यासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली: ६५ वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या नागरिकाला साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात. त्यात काठी, वॉकर, कमरेचा पट्टा नक्की येतो. चांगली व्हीलचेअर येत नाही. आणि सगळीकडे स्वतःची खुर्ची न्यावी लागतेच असंही नाही. मोठ्या दवाखान्यांत असते, शेगावच्या गजानन महाराज संस्थानासारख्या ठिकाणीही चालता न येणाऱ्या भाविकांसाठी खुर्चीची सोय असते. ठरलेल्या दोन-तीन ठिकाणीच जाणं असेल तर तिथे विचारून घ्यावं. मग गाडीत फक्त वॉकर पुरतो.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न गाडी बनवणाऱ्यांनीच अंगावर घेतला. जपानमध्ये टोयोटा आणि सुझुकी वृद्ध-अपंगांसाठी फिरत्या सीटच्या, उताराच्या फळीच्या गाड्या कारखान्यातूनच देतात. ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये स्थापन झालेली मोटॅबिलिटी नावाची योजना अपंगांना भत्त्याच्या बदल्यात सोयीची गाडी भाड्याने देते. आपल्याकडे पाऊल आत्ता पडतंय. २०२५ च्या अखेरीस मारुतीने वॅगनआरसाठी बाहेरच्या बाजूला वळणारी सीट आणली. ती बंगळुरूच्या एका नवउद्योगाने तयार केली असून निवडक शहरांतल्या विक्रेत्यांकडे बसवून मिळते. सीट दाराकडे वळते, माणूस बसतो, सीट पुन्हा आत फिरते. आत-बाहेर होताना कमरेला जो पीळ बसतो तो वाचतो. पण वळणारी सीट उंचीचा प्रश्न सोडवत नाही, फक्त वळण्याचा सोडवते. म्हणून गाडीच मुळात बेताच्या उंचीची असायला हवी, ही अट कायम राहते. कुठल्याही गॅरेजमध्ये सीट कापून-जोडून घेण्याचा मोह मात्र टाळावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. एमएच-२८ पाटीच्या गाडीत काही कायमचा बदल करायचा तर आधी बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात विचारणं बरं. शिवाय सीट ज्या बोल्टांवर उभी असते, त्यांच्यावरच अपघातात माणसाचा जीव असतो.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. माणसाला व्हीलचेअरसकट गाडीत चढवून तसंच नेणं, जे काही जण मोठ्या गाडीत करतात, ते धोक्याचं आहे. खुर्ची चारही बाजूंनी तळाला बांधण्याची खास सोय नसेल तर ब्रेक लागताच ती उलटते. रिकामी खुर्चीसुद्धा मोकळी ठेवू नये, पट्ट्याने बांधावी. सीट उंच व्हावी म्हणून जाड मऊ उशी घातली तर सीटबेल्टचा पट्टा पोटावर सरकतो. घालायचीच तर पातळ आणि घट्ट गादी घालावी. घाटात वळणावर कमकुवत धडाचा माणूस एका अंगाला कलंडतो, म्हणून दाराच्या वर पकडायची मूठ आहे की नाही हे पाहावं. पुष्कळ गाड्यांत ती पुढच्या डाव्या जागेला असते, मागे नसते. दाराच्या कुलपाच्या लोखंडी कडीत अडकवायची आधाराची मूठही बाजारात मिळते. काही शे रुपयांची वस्तू, आणि उठताना हाताला जो टेकू लागतो तो नेमका देते. घाटाखाली मे महिन्यात पट्ट्याचं लोखंडी टोक चटका देतं आणि संवेदना कमी झालेल्या मधुमेही पायाला तापलेला तळही कळत नाही. तेव्हा गाडी सावलीत लावणं आणि निघण्याआधी हात लावून पाहणं एवढं तरी होऊ शकतं.

शेवटचा आक्षेप पैशाचा. नवी गाडी परवडत नाही, किंवा दारात आधीच उंच गाडी आहे, मग हे सगळं वाचून काय करायचं? नवीच घ्या असा आग्रह नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सी.सी.पर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सी.सी.पर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा जी.एस.टी. १८ टक्क्यांवर आला; त्यामुळे लहान गाड्या थोड्या आवाक्यात आल्या. पण याच मोजमापांनी जुनी गाडीही निवडता येते, उलट जुन्या बाजारात उभट लहान गाड्या भरपूर असतात आणि त्यांचे सुटे भाग चिखली, मेहकर, खामगावलाही मिळतात. महिन्यातून एखादी फेरी असेल तर गाडी घेण्यापेक्षा भाड्याने करणं शहाणपणाचं; फक्त ठरवताना ‘मोठी गाडी पाठवा’ न म्हणता ‘पुढे बसायला सोपी आणि डिकी रिकामी असलेली पाठवा’ असं सांगावं. आणि बोलेरो दारात उभीच असेल, तर रुंद, न घसरणारं पायदान बसवून घ्यावं, रबरी पायांची भक्कम एक पायरी गाडीत ठेवावी, आणि चढणाऱ्याच्या मागे व खाली एक माणूस कायम उभा असावा. घराच्या ओट्याला गाडी भिडवून बसवण्याची युक्ती चांगली आहे. पण दवाखान्याच्या दाराशी ओटा नसतो, हे लक्षात घेऊन परतीची सोय आधीच करावी.

या सगळ्यात एक अडसर घरातच असतो. गाडी कशी हवी असं आई-वडिलांना विचारलं तर उत्तर येतं, ‘आमचं काय, तुम्हाला आवडेल ती घ्या.’ ते उत्तर प्रेमाचं असतं, पण खरं नसतं. पोरांच्या खर्चात आपली अडचण घालायची नाही म्हणून त्या पिढीने हे वाक्य पाठ केलेलं आहे. त्यावर विसंबून गाडी घेतली की ती माणसं हळूहळू ‘मला नाही यायचं, तुम्ही जाऊन या’ म्हणू लागतात. लग्नाला नाही, शेगावला नाही, बहिणीच्या गावाला नाही. आपण त्याला वय म्हणतो. म्हणून विचारण्यापेक्षा बसवून पाहणं खरं. विक्रेते चाचणीची गाडी घरापर्यंत आणतात, आणायला सांगा. आपल्याच अंगणात, आपल्याच चपला आणि रोजचं लुगडं किंवा धोतर नेसून, आपला वॉकर हातात घेऊन त्यांना स्वतःहून चढू-उतरू द्या. घाई करू नका, हात पुढे करू नका, फक्त शेजारी उभे राहा. खुर्ची असेल तर ती जो रोज उचलणार आहे त्यालाच डिकीत ठेवू द्या. तुमच्या हाताशिवाय त्यांना बसता आणि उठता आलं तर ती गाडी तुमच्या घरची. नाही आलं तर तिचं मायलेज कितीही असो, बुकिंगचे पैसे खिशातच ठेवा आणि दुसरी गाडी बोलवा.